चाळीस आकड्यांची हालचाल सपाट स्क्रीनवर बघायची कशी?

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की अख्ख्या नाशिकचा प्रश्न एकच असतो, गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला की गळ्याला? धरण किती टक्के भरलंय, त्र्यंबकला किती मिलिमीटर पडला, किती क्युसेक सोडलंय असे मेसेज फिरत असतातच, पण गोदाघाटावर ज्याचं दुकान आहे तो मारुतीकडे बघतो आणि ठरवतो की माल आत्ता हलवायचा का अजून थोडं थांबायचं.

पण नुसतं "कमरेला आलंय" एवढं कळून भागत नाही. पाणी चढताना कमरेला असणं वेगळं आणि ओसरताना कमरेला असणं वेगळं, खूण तीच पण पुढच्या दोन तासांत जे होणार ते बरोबर उलटं. कारण नदीची खरी अवस्था त्या एका खुणेत मावतच नाही, त्यात धरणाची पातळी आहे, वरून येणारी आवक आहे, दरवाजे किती उघडलेत ते आहे, धरणाखालच्या ओढ्यानाल्यांचं पाणी आहे, जमीन आधीच किती भिजलीये ते आहे, आणि हे सगळे आकडे एकमेकांवर परिणाम करत सतत बदलत असतात. आपण बघतो त्यातला एक.

आज ज्या सॉफ्टवेअरबद्दल लिहायचंय ती नेमकी ह्या अडचणीसाठी बनवलेली आहेत. बरेच आकडे एकत्र बदलतायत, स्क्रीन मात्र सपाट आहे, मग बघायचं कसं?

आधी डायनॅमिकल सिस्टीम म्हणजे काय ते बघू. नाव जड आहे पण आत दोनच गोष्टी असतात, एक म्हणजे आत्ताची अवस्था सांगणारे आकडे आणि दुसरं म्हणजे पुढच्या क्षणी ते आकडे काय होतील याचा नियम. लोलकाला दोन आकडे पुरतात, किती झुकलाय आणि किती वेगाने चाललाय. दोन आकडे म्हणजे आलेखावर एक ठिपका, लोलक हलला की ठिपका फिरतो आणि त्याच्या मागे जी रेघ राहते ती त्या लोलकाची पूर्ण हकीकत, हवेच्या विरोधामुळे झोका कमी होत गेला तर ती रेघ गोल गोल आत येत मध्यावर थांबते. वेळेचा उल्लेख आलेखावर कुठेच नसतो तरी काय काय घडलं ते सगळं दिसतं, मला ही कल्पना अजूनही फार भारी वाटते.

आता दिंडोरीकडची एखादी द्राक्षबाग घ्या. तापमान, आर्द्रता, पानं किती तास ओली राहिली, मातीतला ओलावा, वारा, वेलीची वाढ, डाऊनी रोग किती पसरलाय, फवारणीचा किती असर उरलाय, झाले आठ आकडे. म्हणजे बागेची अवस्था दाखवणारा ठिपका आठ डायमेन्शनच्या जागेत फिरतोय. गणिताला ह्याचा काही त्रास नाही, आठ असो की आठशे, आकड्यांची यादी लांबते एवढंच. त्रास होतो तो आपल्या डोळ्यांना, कारण आपल्याला लांबी, रुंदी, उंची ह्यापलीकडे काही बघता येत नाही.

कधीकधी नशीब जोरदार असतं आणि जास्त डायमेन्शनची सिस्टीम काहीही न गमावता दोन डायमेन्शनमध्ये बसते. ह्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्या नाशिकचंच आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ डहाणूचा, शिक्षण पुण्यात फर्ग्युसनला, आणि १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. त्यांची ६१७४ ची गोष्ट ऐकली नसेल तर आधी ती करून बघा. समोरच्या एमएच १५ गाडीच्या नंबर प्लेटवरचे चार अंक घ्या, फक्त चारही सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा, मग उलटे लावा, मोठ्यातून लहान वजा करा, आणि उत्तरावर परत तेच करा. समजा नंबर ४२२०. ४२२० वजा ०२२४, आले ३९९६. ९९६३ वजा ३६९९, आले ६२६४. ६६४२ वजा २४६६, आले ४१७६. ७६४१ वजा १४६७, आले ६१७४. आणि ६१७४ वर परत केलं तर पुन्हा ६१७४ च. कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचता.

लोक हे कोडं म्हणून सांगतात आणि सोडून देतात, मला ते पटत नाही, कारण ही अस्सल डायनॅमिकल सिस्टीम आहे. अवस्था म्हणजे चार अंक, म्हणजे चार डायमेन्शन. नियम ठरलेला. आणि ६१७४ हा अट्रॅक्टर, म्हणजे कुठूनही निघालं तरी सिस्टीम शेवटी जिथे येऊन स्थिरावते ती जागा.

आता ही चार डायमेन्शनची गोष्ट कागदावर काढायची कशी? अंक मोठ्याकडून लहानाकडे लावल्यावर पहिला वजा चौथा हा एक फरक घ्या आणि दुसरा वजा तिसरा हा दुसरा फरक घ्या. वजाबाकीचं उत्तर नेहमी ९९९ गुणिले पहिला फरक अधिक ९० गुणिले दुसरा फरक एवढंच येतं. ४२२० मध्ये फरक ४ आणि ०, तर ९९९ चोक ३९९६, वर तेच आलं होतं. म्हणजे पुढची पायरी काढायला सिस्टीमला चार अंक लागतच नाहीत, दोन फरक पुरतात! पहिला फरक १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्याइतका, मोजून बघा, एकूण ५४ जोड्या होतात. ०००१ पासून धरले तर चार अंकी ९९९० आकडे, आणि त्यांची सगळी हालचाल ५४ ठिपक्यांच्या एका त्रिकोणात बसते, प्रत्येक ठिपक्यातून एक बाण काढला की झालं. आपला ४२२० हा (४, ०) वर आहे, तिथून बाण (६, ३) ला जातो, तिथून (४, २), तिथून (६, २), आणि (६, २) चा बाण स्वतःकडेच वळतो, तेच ६१७४.

आता इथे सॉफ्टवेअर कामाला येतं. ह्या चित्राला एक स्लायडर, म्हणजे सरकवून आकडा बदलायची पट्टी लावा, अंक चार घ्यायचे की पाच. पाच घेतले की मधला अंक वजाबाकीत उडून जातो आणि उत्तर होतं ९९९९ गुणिले पहिला फरक अधिक ९९० गुणिले दुसरा, म्हणजे ठिपके तेच ५४, त्रिकोण तोच, फक्त बाण वेगळे. आणि बघता बघता मधला स्थिर बिंदू गायब होतो, त्याच्या जागी तीन चक्रं येतात. एकात ५३९५५ आणि ५९९९४ हे दोघं एकमेकांकडे टोलवत राहतात, बाकीच्या दोनांत चार-चार आकडे आहेत, उदाहरणार्थ ६१९७४ वरून ८२९६२, मग ७५९३३, मग ६३९५४ आणि परत ६१९७४. हे टेबलात वाचलं तर पाच मिनिटांत विसरायला होतं, पण स्लायडर सरकवताना एका जागी जमा होणारे बाण सुटून तीन वेगळ्या चक्रांत जाताना दिसले की अट्रॅक्टर बदलणं म्हणजे काय ते कायमचं डोक्यात बसतं. हे चित्र कॉलेजच्या पोरांना वीस-तीस ओळींच्या पायथॉन प्रोग्रॅममध्ये करता येईल आणि देवळाली-नाशिकच्या शाळांनी तर ते करायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

बहुतेक सिस्टीम मात्र इतक्या मेहेरबान नसतात. डायमेन्शन कमी केल्या की काहीतरी हरवतंच. उभ्या सायकलची भर दुपारची सावली आठवा, जमिनीवर नुसती एक जाड रेघ आणि मध्ये आडवं हँडल, चाकं गोल आहेत हे त्या सावलीवरून कुणालाच कळणार नाही, संध्याकाळी त्याच सायकलची सावली भिंतीवर पडली की दोन्ही चाकं आरेसकट दिसतात. स्क्रीनवरचं प्रत्येक चित्र हे असंच प्रोजेक्शन असतं, कुठून बघितलं त्यावर काय दिसणार ते ठरतं.

ह्यातून एक फार उपयोगी नियम निघतो आणि पूर्ण लेखातून एकच गोष्ट घेणार असाल तर ही घ्या. नियम वेळेनुसार बदलत नसेल तर अशा सिस्टीमचे मार्ग एकमेकांना कधीच कापत नाहीत. का? तर आत्ताची अवस्था कळली की पुढचं सगळं ठरलेलं असतं, आणि दोन मार्ग एका बिंदूत कापले तर त्या एकाच अवस्थेतून पुढे जायला दोन रस्ते झाले, ते शक्यच नाही. मग स्क्रीनवर रेघा एकमेकांना कापताना दिसल्या तर? तर ते कापणं सावलीतलं आहे, खरं नाही. तुम्ही बघताय त्याच्या मागे अजून एखादी डायमेन्शन आहे जी ह्या कोनातून दबली गेलीये. माऊसने चित्र फिरवा, गाठ सुटते. मारुतीच्या कमरेपाशी चढतं पाणी आणि उतरतं पाणी एकाच खुणेवर भेटतात तेही हेच, एका आकड्याच्या सावलीत दोन वेगळ्या अवस्था एकावर एक पडल्या.

फिरवून बघण्याचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र एडवर्ड लोरेन्झचं. एमआयटीतला हवामानाचा माणूस. १९६१ च्या सुमारास तो बारा आकड्यांचं हवामानाचं मॉडेल कॉम्प्युटरवर चालवत होता, प्रिंटरवर आकड्यांच्या ओळी यायच्या, आणि एकदा मधूनच सुरू करायचं म्हणून त्याने ०.५०६१२७ च्या जागी प्रिंटवरचा ०.५०६ टाकला. काही काळ दोन्ही हवामानं सोबत चालली आणि मग त्यांचा एकमेकांशी काही संबंधच उरला नाही. बारा आकड्यांमध्ये हे का होतंय ते बघणं अवघड, म्हणून तो साध्या मॉडेलच्या शोधात राहिला आणि १९६३ च्या पेपरमध्ये तीन समीकरणांवर आला. तीन म्हणजे डोळ्यांच्या आवाक्यात. समोरून बघितलं तर दोन पंख, रेघ एका पंखावर काही फेऱ्या मारते, मग दुसऱ्यावर जाते, कधी जाईल ते सांगता येत नाही. सपाट चित्रात दोन पंख मध्ये एकमेकांना कापतात असं वाटतं, फिरवलं की कळतं की ते पातळ थर आहेत, एकावर एक, न कापता.

ह्या सिस्टीमच्या नियमात रो नावाचा एक आकडा आहे, खालून किती तापवताय त्याचं माप समजा. नियमातले बाकीचे दोन आकडे १० आणि ८/३ ठेवून रोचा स्लायडर हळूहळू वर न्या. १ च्या खाली सगळे मार्ग मधल्या बिंदूत विझतात, म्हणजे काहीच हलत नाही. १ च्या वर दोन स्थिर बिंदू येतात, एक डावीकडे एक उजवीकडे. आणि साधारण २४.७४ ओलांडलं की तेही टिकत नाहीत, २८ ला तर ते पंखांचं ओळखीचं चित्र येतं. पुस्तकात फक्त २८ चं चित्र छापलेलं असतं, पण खरी मजा वाटेत आहे, वीसच्या आसपास मार्ग बराच वेळ दोन्हीकडे भटकतो आणि मग अचानक एका बाजूला जाऊन बसतो, हे छापील चित्रात दिसूच शकत नाही. इंटरॅक्टिव्ह असण्याचा फायदा हाच, स्वतःच्या हाताने स्लायडर थांबवून त्या सीमेवर रेंगाळता येतं.

तीन झाल्या. दहा असतील तर? तीन डायमेन्शनमध्ये फिरवायच्या तीन दिशा असतात, चारमध्ये सहा होतात आणि दहामध्ये ४५, कारण फिरवणं नेहमी दोन डायमेन्शनच्या जोडीत होतं. ४५ स्लायडर कोण हलवत बसणार. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्डच्या अ‍ॅक्सिलरेटर केंद्रात जॉन टुकी, जेरोम फ्रीडमन आणि मेरी अ‍ॅन फिशरकेलर यांनी प्रिम-९ नावाची सिस्टीम बनवली, कणांच्या प्रयोगातला नऊ डायमेन्शनपर्यंतचा डेटा स्क्रीनवर फिरवायचा, नको तो भाग झाकायचा, हवा तो गट वेगळा काढायचा, त्या काळात हे म्हणजे कमालच होती. मग १९८५ मध्ये डॅनियल असिमोव्हने ग्रँड टूर मांडली, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतःच सगळ्या कोनांतून हळूहळू फिरवून दाखवतं, तुम्ही नुसतं बघत बसायचं आणि काही आकार दिसला की थांबवायचं. मला ही पद्धत फार आवडते, कारण ठिपके सरकताना जे ठिपके एकत्र सरकतात ते आपल्या नजरेला लगेच कळतात, स्थिर चित्रात ते कधीच कळले नसते.

दुसरी युक्ती, फिरवायच्या ऐवजी कापायचं. फ्रेंच गणिती पॉइनकारेची ही कल्पना, १९व्या शतकाच्या शेवटची. जागेत एक पडदा कल्पायचा आणि मार्ग तो पडदा एका बाजूने ओलांडेल तेव्हाच ठिपका टाकायचा, मधली सगळी गुंतागुंत सोडून द्यायची. मिशेल हेनॉन आणि कार्ल हाइल्स यांनी १९६४ मध्ये आकाशगंगेत फिरणाऱ्या ताऱ्यासाठी हे केलं. अवस्थेला चार आकडे, पण ऊर्जा कायम राहते म्हणून एक कमी होऊन तीन, आणि पडद्यावर कापलं की दोन. कमी ऊर्जेला ठिपके नीट बंद रेघांवर बसतात. ऊर्जा वाढवत नेली की रेघा फुटायला लागतात आणि १/६ पर्यंत जवळजवळ सगळीकडे विखुरलेले ठिपके. नियमित आणि बेभरवशाची हालचाल एकाच सिस्टीममध्ये शेजारी शेजारी असते हे ह्याहून स्वच्छ दाखवणारं चित्र मी तरी बघितलेलं नाही.

तिसरी युक्ती पुराच्या खुणेला थेट लागू पडते. समजा तुमच्याकडे सगळे आकडे नाहीतच, एकच आहे, पाण्याची पातळी. मग आत्ताची पातळी, तासाभरापूर्वीची, दोन तासांपूर्वीची असे तीन आकडे घेऊन एक ठिपका काढा. लगेच चढता आणि उतरता पूर वेगळे झाले, कारण एकाचे आधीचे आकडे लहान, दुसऱ्याचे मोठे. डच गणिती फ्लोरिस टाकेन्स याने १९८१ मध्ये सिद्ध केलं की असे पुरेसे जुने आकडे घेतले, मूळ हालचालीच्या डायमेन्शनच्या दुपटीपेक्षा एक जास्त, तर सर्वसाधारणपणे मूळ अट्रॅक्टरचाच आकार परत मिळतो, ताणलेला वाकलेला असेल पण कुठेही न कापलेला. एका आकड्याच्या इतिहासात बाकीच्यांचे ठसे असतात, म्हणून हे जमतं. गोदावरीला ते जसंच्या तसं लावता येत नाही हेही सांगायला हवं, कारण दरवाजे माणूस उघडतो आणि पाऊस बाहेरून येतो, सिस्टीम स्वतःच्या नियमावर एकटी चाललेली नाही. पण चढ-उतार वेगळे काढायला ते पुरतं.

इथेही स्लायडर हवाच, किती मागचा आकडा घ्यायचा त्याचा. फार जवळचा घेतला, एका मिनिटापूर्वीचा, तर दोन्ही आकडे जवळपास सारखेच आणि सगळे ठिपके कर्णरेषेवर चिकटून बसतात. फार लांबचा घेतला तर संबंधच तुटतो, नुसता ढग दिसतो. मध्ये कुठेतरी चित्र उलगडतं, ते स्लायडर हलवून डोळ्यांनी सापडतं, मग हवं तर फॉर्म्युल्याने पक्कं करा.

आणि खूपच डायमेन्शन असतील तेव्हा ठिपका सोडून द्यावा असं माझं मत. लोरेन्झचंच १९९६ चं एक मॉडेल आहे, पृथ्वीभोवतीच्या एका गोल पट्ट्यावर चाळीस ठिकाणं, प्रत्येकाचा आकडा शेजाऱ्यांवरून बदलतो. चाळीसांतल्या दोन-दोनच्या जोड्या काढल्या तर ७८० आलेख होतात, कुणी बघणार नाही. त्याऐवजी आडवी ठिकाणं, उभा वेळ आणि आकड्याला रंग, असा एक पट्टा काढला की लाटा तिरप्या सरकताना सरळ दिसतात. कुठलीही फॅन्सी थ्रीडी लागली नाही.

आता काय वापरायचं. अगदी सुरुवात जिओजेब्रावर करा, फुकट आहे, मोबाईलवर चालतं, स्लायडर बनवायला अर्धा मिनिट लागतो. समीकरणं लिहून स्थिर बिंदू वगैरे शोधायचे असतील तर पिट्सबर्गच्या बार्ड अर्मनट्राउटचं एक्सपीपीऑट, दिसायला जुनाट पण कामाला पक्कं. ज्युलिया ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर तिच्यात डायनॅमिकल सिस्टीम्स नावाचीच लायब्ररी आहे. पायथॉनवाल्यांनी प्लॉटली ही आलेखांची लायब्ररी घ्या, माऊसने फिरवता येतं.

एक गोष्ट जपा. टी-स्ने नावाची पद्धत हल्ली सगळीकडे वापरतात, २००८ ची, खूप डायमेन्शनचे ठिपके दोनमध्ये सुंदर गटांत मांडून देते. पण ती फक्त जवळचे शेजारी जपते, दोन गटांमधलं अंतर किंवा गटाचा आकार ह्याला त्यात फारसा अर्थ नसतो आणि सलग मार्गाचे तुकडेही होऊ शकतात. हालचाल बघायची असेल तर आधी १९०१ पासून चालत आलेली पीसीए वापरा, म्हणजे ठिपके सगळ्यात जास्त पसरलेले दिसतील तो कोन निवडायची पद्धत, ती निदान सरळ सावली आहे, कुठून बघतोय ते सांगता येतं.

आणि शेवटी कॉम्प्युटर मार्ग काढतो तो वेळेच्या छोट्या छोट्या पावलांनी. पाऊल मोठं असेल तर जे मार्ग एकमेकांना कापायला नकोत ते कापायला लागतात, किंवा लोलकाची रेघ आत यायच्या ऐवजी बाहेर जायला लागते, आणि सॉफ्टवेअर काही तक्रार करत नाही, तितकंच सुबक चित्र काढून देतं. म्हणून काहीही विलक्षण दिसलं की पाऊल अर्धं करा आणि परत चालवा. बेभरवशाच्या सिस्टीममध्ये दोन्ही मार्ग काही वेळाने वेगळे होणारच, त्याचं टेन्शन घेऊ नका, बघायचा तो एकूण आकार, आणि तोच बदलला तर तुम्ही जे बघत होता ते सिस्टीमचं नव्हतंच, पावलाचं होतं.